निन्टेंडोचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता, त्यांच्यासमोर निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचं नाव काढलं की गप्पा ठरावीक प्रश्नांवर येतात. मी जुनी यंत्रं जमवतो, अधूनमधून उघडून दुरुस्तही करतो. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा हे प्रश्न माझ्याकडे येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवलेली बरी. क्रम सनावळीचा नाही, लोक विचारतात तसा आहे.

आमच्याकडे होता तो व्हिडिओ गेम निन्टेंडोचाच ना?

बहुतेक नाही. वाईट वाटून घेऊ नका, माझ्याकडचाही नव्हता. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत जी यंत्रं मिळायची, ती तैवान-चीनमध्ये बनलेली नक्कल असायची. अस्सल यंत्राचं नाव फॅमिली कॉम्प्युटर, जपानी बोलीत फॅमिकॉम. ते १५ जुलै १९८३ रोजी जपानात १४,८०० येनला विक्रीला आलं. ओळखायची खूण सोपी आहे. अस्सल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्टची बटणंच नसतात. त्या जागी बारीक जाळीचा माइक आणि आवाज कमी-जास्त करायची पट्टी असते. तुमच्या दोन्ही रिमोटवर सारखीच बटणं होती ना? मग झालं.

खेळाची कॅसेट म्हणजे टेप नव्हे, पण आपल्याकडे तिला दुसरं नाव कधी नव्हतंच. ती उघडली की एवढ्या मोठ्या प्लॅस्टिकच्या डब्यात तळहाताहून लहान हिरवी पट्टी निघते आणि तिच्यावर डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा. चिप त्या गोळ्याच्या आत. नंतरच्या नकली यंत्रांत तर मूळ फॅमिकॉमचा सगळा संसारच अशा एका गोळ्यात कोंबलेला असतो, बाकी डबा रिकामा. वजनाला भारी वाटावा म्हणून आत लोखंडाची पट्टी चिकटवलेलीही मी पाहिली आहे.

खेळ मात्र खरे होते, म्हणजे खऱ्या खेळांच्या चोरून काढलेल्या प्रती. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजून पाच-दहा खेळ असायचे आणि तेच पुन्हापुन्हा, कधी दुसऱ्या लेव्हलपासून, कधी जादा जिवांसह. शिवाय सगळे खेळ निन्टेंडोचे नसत. मारिओ आणि बंदुकीने बदकं मारायचा डक हंट त्यांचे, पण दोन जवानांनी उघड्या अंगाने बंदुका घेऊन धावायचा तो कॉन्ट्रा कोनामीचा.

कॅसेटला फुंकर मारल्यावर ती खरंच चालायची का?

चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. फुंकरीने तोंडातली वाफ तांब्याच्या दातऱ्यांवर जाते आणि पुढे त्या गंजतात. निन्टेंडोनेच फुंकू नका असं सांगून ठेवलंय. ऐकणार कोण?

ती बंदूक टीव्हीवरच्या बदकाला कशी लागायची?

माझा लाडका प्रश्न. बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट ती बघते. नळीच्या आत प्रकाश ओळखणारा छोटा डोळा असतो. तुम्ही चाप ओढलात की पडदा निमिषभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असतील तर दोन चौकोन एकापाठोपाठ येतात. उजेड कितव्या वेळी दिसला त्यावरून कुठलं बदक पडलं ते ठरतं. आधीचा अंधार मुद्दाम तपासला जातो, नाहीतर पोरं दिव्याकडे बंदूक धरून सगळी बदकं मारतील. (आम्ही प्रयत्न केला होता. नाही जमत.)

हा सगळा हिशेब ट्यूबच्या टीव्हीत किरण पडद्यावर कधी कुठे पोचतो यावर बसवलेला आहे. म्हणून तीच बंदूक आजच्या सपाट टीव्हीवर आंधळी होते. माळ्यावरून काढून नातवाला दाखवायला गेलात आणि चालली नाही, तर बिघाड बंदुकीत असेलच असं नाही.

या युक्तीची मुळं टीव्ही गेमच्याही आधीची आहेत. १९७० मध्ये निन्टेंडोने प्रकाशाच्या बंदुकीचं खेळणं काढलं होतं. त्यात लागणारे प्रकाशघट शार्प कंपनीचे, आणि ते विकायला येणारे गृहस्थ म्हणजे मासायुकी उएमुरा. निन्टेंडोने त्यांना आपल्याकडेच ओढलं, आणि पुढे फॅमिकॉम बनवला तो यांनीच.

कंपनी १८८९ ची आहे म्हणतात. तेव्हा टीव्ही तरी होता का?

पत्ते होते. २३ सप्टेंबर १८८९ रोजी क्योतोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी हानाफुदा बनवण्याचं दुकान काढलं. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते: ४८ पानं, वर्षाचे १२ महिने, दर महिन्याचं एक झाड किंवा फूल आणि त्याची ४ पानं. जानेवारीला पाइन, मार्चला साकुरा म्हणजे चेरीची फुलं, ऑक्टोबरला मेपल. ऑगस्टच्या एका पानावर नुसतं गवताचं टेकाड आणि त्यामागे भला मोठा पांढरा चंद्र, मागचं आभाळ लालभडक. कुठेही आकडा नाही.

आकडा का नाही, यात गंमत आहे. जपानात पाश्चात्त्य पत्ते आणले पोर्तुगीजांनी, सोळाव्या शतकात. गोव्याहून मकावमार्गे जपानकडे जाणारी हीच ती मंडळी. पत्त्यांना जपानीत अजून ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कार्ता’च. पत्ते आले तसा जुगार आला आणि जुगार आला तशी सरकारी बंदी. एका पद्धतीच्या पत्त्यांवर बंदी आली की लोक दुसरी काढत, ती पकडली की तिसरी. त्या लपंडावातून आकडे गळून पडले आणि फुलं उरली. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याची १२० गोल पानं पाहिलेल्या माणसाला हानाफुदा हातात घेतल्यावर परकं वाटत नाही. दोन्हीकडे पान हाताने रंगवायचं, आणि दोन्हीकडे डाव समजायला अर्धा दिवस जातो.

यामाउचींचे पत्ते तुतीच्या सालीच्या कागदाचे, हाताने केलेले. जुगाराच्या अड्ड्यांवर त्यांना चांगली मागणी होती. त्यांचा सगळ्यात नावाजलेला छाप ‘दाइतोर्यो’, म्हणजे राष्ट्राध्यक्ष. वेष्टनावर चित्र कुणाचं? नेपोलियनचं. तो सम्राट होता, राष्ट्राध्यक्ष नव्हता, हे क्योतोतल्या गिऱ्हाइकाला काय करायचंय!

निन्टेंडो या नावाचा अर्थ काय?

तीन चित्राक्षरं: ‘निन’ म्हणजे सोपवणं, ‘तेन’ म्हणजे आभाळ, ‘दो’ म्हणजे दुकान किंवा वास्तू. ‘नशीब वरच्यावर सोडा’ असा अर्थ सगळीकडे सांगतात. पत्तेवाल्याला शोभतो खरा, पण संस्थापकाने स्वतः असं सांगितल्याचा लेखी पुरावा नाही.

मध्ये त्यांनी भात आणि टॅक्सीचाही धंदा केला, हे खरं?

खरं. संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची १९४९ मध्ये, वयाच्या जेमतेम बाविशीत गादीवर आले. आजोबा आजारी पडले म्हणून वासेदा विद्यापीठातलं शिक्षण सोडून यावं लागलं. माणूस कडक. जुन्या कामगारांनी पोराला कोण विचारतो म्हणून संप केला, तर त्यांना सरळ घरी पाठवलं. पण डोकं धंद्याचं. १९५३ मध्ये प्लॅस्टिकचे पत्ते काढले, १९५९ मध्ये डिस्नेची चित्रं पत्त्यांवर छापायचा करार केला, आणि जुगाऱ्यांच्या हातातला माल घराघरातल्या पोरांच्या हाती गेला. १९६२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

हाती पैसा आला आणि मग भरकटले. झटपट भात काढला, टॅक्सी चालवल्या. कशातच जम बसला नाही.

मग खेळण्यांकडे गाडी वळली कशी?

एका रिकामटेकड्या माणसामुळे. गुनपेई योकोई १९६५ मध्ये कंपनीत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीला. यंत्रं काही रोज बिघडत नाहीत. वेळ जाईना म्हणून त्यांनी लाकडी पट्ट्यांची कातर जोडून लांब होणारा हात बनवला: मुठी जवळ आणल्या की पुढे जाऊन वस्तू पकडणारा. यामाउचींनी ते पाहिलं आणि बोलावून घेतलं. योकोईंना वाटलं, नोकरी गेली. हुकूम मिळाला, हे खेळणं म्हणून काढ. १९६६ च्या त्या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून जास्त नग खपले.

योकोईंचं एक सूत्र होतं: वाळलेलं तंत्रज्ञान आडव्या विचाराने वापरायचं. वाळलेलं म्हणजे जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्यात असं. ते जिथे कुणी वापरलं नाही तिथे वापरायचं. माझ्या मते निन्टेंडोचा अख्खा इतिहास या वाक्यावर लावून बघावा. जेव्हा जेव्हा त्यांनी हे पाळलं तेव्हा जिंकले, जेव्हा सोडलं तेव्हा बहुतेक वेळा आपटले.

योकोईंनी एकदा शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला पाहिला. कॅल्क्युलेटरचे पडदे तोवर कवडीमोल झालेले. त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ निघालं. खिशात मावेल एवढा एक खेळ, आणि कोपऱ्यात घड्याळ. पुढे यांचे ४ कोटींवर नग गेले. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या खेळाच्या घडीच्या मॉडेलवर जागा वाचवायला त्यांनी बेरजेच्या चिन्हाच्या आकाराचं दिशेचं बटण बसवलं. आज घरात कुठलाही गेमचा रिमोट असेल तर डाव्या अंगठ्याखाली बघा.

मग २१ एप्रिल १९८९ ला गेम बॉय आला. पडदा हिरवट, रंग नाहीत, उन्हात धरला तरच धड दिसणार. स्पर्धक सेगाचा गेम गिअर रंगीत होता, पण तो सहा पेन्सिल सेल तीन-चार तासांत संपवायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास सहज चालायचा. पोराच्या खिशाला काय परवडतं, एवढाच प्रश्न होता. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांवर खपले.

मारिओ हे नाव कुठून आलं?

घरमालकावरून. १९८० मध्ये यामाउचींचे जावई मिनोरू अराकावा यांनी अमेरिकेत कंपनीची शाखा काढली आणि ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची ३,००० कपाटं मागवली. आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या दुकानात, उभं राहून खेळायची ती कपाटं. १,००० खपली, २,००० गोदामात पडून. आता या मढ्यांचं करायचं काय? क्योतोत शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराला सांगितलं, याच कपाटांत बसेल असा दुसरा खेळ दे. त्याने १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ दिला. माकड, शिड्या, पिंपं आणि उड्या मारणारा एक बुटका सुतार, नाव जंपमन. सिअ‍ॅटलजवळच्या त्या गोदामाचे मालक होते मारिओ सेगाले. त्यांचं नाव त्या बुटक्याला चिकटलं. पुढे तो सुताराचा प्लंबर झाला.

मिशा आणि टोपीही अडचणीतून आल्यात. एवढ्याशा ठिपक्यांत तोंड काढता येत नव्हतं, म्हणून मिशा. उडी मारताना केस हलवायला जागा नव्हती, म्हणून टोपी. हात झुलताना दिसावेत म्हणून पँटला पट्टे.

आपण खेळलो तो सुपर मारिओ ब्रदर्स १३ सप्टेंबर १९८५ चा. सगळा खेळ ४० किलोबाइटमध्ये. रोज सकाळी मोबाईलवर येणारा ‘शुभ सकाळ’चा गुलाबाचा फोटोही याहून जड असतो. जागा वाचवायला किती कंजूषपणा केलाय ते एकदा नीट बघा: आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एक पांढरं रंगवलंय, एक हिरवं. मी हे कळल्यावर खेळ लावून खात्री केली होती. तेव्हापासून मला तो ढग ढग दिसतच नाही.

अमेरिकेतला बुडालेला धंदा निन्टेंडोने वाचवला म्हणतात, ते कितपत खरं?

वाचवला, पण धर्मादाय म्हणून नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत रद्दड खेळांचा महापूर आला आणि बाजार कोसळला. अटारी या तिथल्या मोठ्या गेम कंपनीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोत खड्डा खणून पुरला, इतकी वेळ आली. दुकानदार व्हिडिओ गेमचं नाव ऐकायला तयार नव्हते. म्हणून निन्टेंडोने फॅमिकॉमचा वेश बदलला. करड्या रंगाचं, व्हीसीआरसारखं पुढून कॅसेट सरकवायचं यंत्र, सोबत एक छोटा रोबो. हा व्हिडिओ गेम नाही हो, खेळणं आहे! ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कात, ‘खपलं नाही तर परत घेऊ’ या बोलीवर ते दुकानांत ठेवलं.

आणि आत एक कुलूप बसवलं. यंत्रात एक चिप, कॅसेटमध्ये तिची जोडीदार. दोघींचं जुळलं नाही तर खेळ सुरू होत नाही. त्यामुळे कॅसेट बनवणार फक्त निन्टेंडो. दुसऱ्या कंपनीला वर्षाला पाचच खेळ काढता येणार आणि कॅसेटचे पैसे आगाऊ. दर्जा राहिला यात वाद नाही, पण त्या कंपन्यांचा राग मनात साचत गेला. त्याचं फळ पुढे आलंच.

आता आपल्या कामाची गोष्ट: हे कुलूप अमेरिकी यंत्रात होतं. जपानी फॅमिकॉमला ते नव्हतंच. नकला जपानी यंत्रावरून झाल्या, म्हणून त्या इतक्या सहज झाल्या. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात मारिओ पोचला तो या न लावलेल्या कुलपामुळे.

सोनीशी नक्की काय बिनसलं?

फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉम या यंत्राला सीडी जोडण्यासाठी दोघांचा करार होता. जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते यंत्र जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात सांगितलं, आम्ही फिलिप्सबरोबर जाणार. कारण, करारानुसार सीडीवरच्या खेळांची सूत्रं सोनीकडे राहणार होती, आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हाती देणं यामाउचींच्या स्वभावात नव्हतं. चारचौघांत झालेला अपमान सोनीच्या केन कुतारागी यांनी विसरला नाही. डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आलं. निन्टेंडो मात्र १९९६ च्या एन ६४ या यंत्रातही महागड्या कॅसेटलाच चिकटून राहिली. पाच खेळांच्या नियमाने वैतागलेल्यांना आता दुसरं दार उघडं होतं. स्क्वेअर कंपनी ‘फायनल फँटसी’ या खेळाचा सातवा भाग घेऊन त्या दारातून गेली.

त्यांची सगळ्यात मोठी फजिती कुठली?

आकड्यांत व्हर्च्युअल बॉय, १९९५. डोळ्यांना लावून लाल रंगात त्रिमिती बघायचं यंत्र. मान दुखायची, डोळे दुखायचे, आठ लाखही खपलं नाही. बनवणारे योकोईच. १९९६ मध्ये त्यांनी कंपनी सोडली, आणि ४ ऑक्टोबर १९९७ ला रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय ५६. मला या इतिहासात सगळ्यात जास्त चुटपुट या पानाची लागते.

टीव्हीला जोडायचं वी यू हे यंत्र, २०१२, ही दुसरी. १ कोटी ३५ लाख म्हणजे कमी नव्हेत, पण आधीच्या ‘वी’ या यंत्राचे १० कोटींवर गेले होते. अर्ध्या लोकांना हे नवं यंत्र आहे की जुन्याला लावायची पाटी, हेच कळलं नाही.

सातोरू इवाता यांचं एवढं कौतुक का?

२००२ मध्ये यामाउचींनी गादी सोडली ती घरच्या माणसाला न देता या प्रोग्रॅमरला दिली. इवातांनी वाळलेल्या तंत्राचं सूत्र परत काढलं. स्पर्धक चित्रं अधिक झकपक करण्यामागे लागले असताना त्यांनी खेळत नसलेल्या माणसाकडे पाहिलं. दोन पडद्यांचा, हातात धरून खेळायचा डीएस, २००४, विक्री १५ कोटी ४० लाख. मग २००६ चा वी, ज्यावर आजीआजोबा दिवाणखान्यात बोलिंग खेळू लागले. वीची ती टीव्हीवर ठेवायची ‘सेन्सर’ पट्टी खरं तर काहीच ओळखत नाही. तिच्यात दोन टोकांना अवरक्त दिवे आहेत, बस्स. कॅमेरा आहे तो हातातल्या रिमोटमध्ये. पट्टी बिघडली तर तिच्या जागी थोड्या अंतरावर दोन मेणबत्त्या पेटवून ठेवा, चालतं. निरांजनं का चालू नयेत!

२०११ मध्ये डीएसचा पुढचा अवतार ३डीएस खपेना, तेव्हा किंमत २५,००० येनवरून १५,००० वर आणावी लागली. इवातांनी कामगार काढले नाहीत, स्वतःचा पगार निम्मा केला. ११ जुलै २०१५ ला, ५५ व्या वर्षी ते वारले. त्यांच्या काळात आखणी सुरू झालेला स्विच हा गेम ३ मार्च २०१७ ला आला आणि १५ कोटींच्या पुढे गेला. तो त्यांनी बाजारात आलेला पाहिला नाही. त्याचा धाकटा, स्विच २, ५ जून २०२५ चा.

पोकेमॉन निन्टेंडोचंच ना?

अर्धवट. बनवलं गेम फ्रीक या कंपनीने. तिचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडायचा नाद होता; दोन गेम बॉय जोडायची वायर पाहिल्यावर तिच्यावरून किडे इकडून तिकडे चाललेत असं त्यांच्या मनात आलं. पहिले खेळ २७ फेब्रुवारी १९९६ चे. मालकी आज तीन कंपन्यांची, निन्टेंडो त्यातली एक.

पत्ते अजून करतात का? आणि क्योतोला गेलो तर काय बघायचं?

करतात. नेपोलियनच्या छापाचा हानाफुदा आजही विकत मिळतो.

क्योतो शहरात त्यांची १९३० च्या दशकातली जुनी कचेरी आहे. २०२२ पासून तिथे मारुफुकुरो नावाचं हॉटेल चालतं. दारावरची पत्त्यांच्या कंपनीची जुनी पाटी ठेवलीय. वस्तुसंग्रहालय २ ऑक्टोबर २०२४ ला उघडलं ते शहरात नाही, दक्षिणेला उजी गावात, ओगुरा स्टेशनपासून पायी पाच मिनिटांवर, त्यांच्याच जुन्या कारखान्यात. तिकीट दारात मिळेल या भरवशावर जाऊ नका, काही महिने आधी सोडतीत नाव घालावं लागतं. आत सगळी यंत्रं सालवार लावलेली आहेत. हानाफुदा स्वतः बनवायचा वर्गही आहे. आणि योकोईंचा तो लांब होणारा हात एका खोलीत मांडून ठेवलाय, काचेत नाही. मुठी आवळून तुम्ही त्याने चेंडू पकडायचे.